दोन तालुके, दहा संकेत

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातले, सह्याद्रीच्या कुशीतले दोन शेजारी तालुके. भोरमध्ये रोहिडा आणि रायरेश्वर, तर वेल्ह्यात तोरणा आणि राजगड. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास मंजुरी दिली. तालुक्याचे नाव बदलले की कागदही बदलावे लागतात. लेटरहेड, सहलीची पत्रके, भूगोलाची टिपणे अशी यादी लांबत जाते. हे सारे संगणकावर असेल तर काम सोपे आहे, असे आपल्याला वाटते.

समजा, तिथल्या एका शिक्षिकेने 'आपला तालुका' नावाचे चाळीस पानांचे टिपण पूर्वीच संगणकावर तयार करून ठेवले आहे. 'वेल्हे' शोधून त्या जागी 'राजगड' घाल, अशी आज्ञा त्यांनी संगणकाला दिली. क्षणात काम झाले. छापील प्रत वाचताना मात्र तीन गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. 'वेल्ह्यात पाऊस भरपूर पडतो' हे वाक्य होते तसेच राहिले होते. वेल्हे बुद्रुक या गावाचे 'राजगड बुद्रुक' झाले होते. निर्णय तालुक्याच्या नावाचा होता, गावाच्या नव्हे. आणि एका ओळीत पूर्वी 'वेल्हे' शब्दातले 'वे' तेवढे चुकून ठळक झालेले होते, तिथे आता अख्खे 'राजगड' ठळक झाले होते.

यातली दुसरी चूक माणसाची आहे. पहिली आणि तिसरी समजून घ्यायची असेल, तर वर्ड प्रोसेसर मजकूर कसा साठवतो आणि त्याचे ठळक, तिरपे, अधोरेखित असे रूप कुठे ठेवतो हे पाहावे लागेल. ते समजले की अशा आज्ञावलीची परीक्षा कशी घ्यायची हेही कळते. या लेखात आपण या दोन तालुक्यांच्या नावांच्याच मदतीने हे पाहू.

संगणकाला अक्षर दिसत नाही

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या चिन्हाला कोणता आकडा हे ठरवणारी जगभर मान्य झालेली पद्धत म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा राखलेल्या आहेत. या जागांच्या क्रमांकांना आपण संकेत म्हणू.

'भोर' हा शब्द आत असा साठवला जातो: भ २३४९, काना-मात्रा २३७९, र २३५२. म्हणजे दोन अक्षरे आणि तीन संकेत. 'वेल्हे' पाहा: व २३५७, मात्रा २३७५, ल २३५४, पाय मोडण्याची खूण २३८१, ह २३६१ आणि पुन्हा मात्रा २३७५. डोळ्यांना 'वे' आणि 'ल्हे' ही दोनच अक्षरे दिसतात, पण आत सहा संकेत आहेत. मधली मोकळी जागा धरून 'भोर वेल्हे' एवढ्या मजकुराचे दहा संकेत होतात.

आता 'वेल्ह्यात' हा शब्द असाच सोडवू: व, मात्रा, ल, पाय मोडण्याची खूण, ह, पाय मोडण्याची खूण, य, काना, त. पहिले पाच संकेत 'वेल्हे'शी जुळतात. सहाव्या जागी मात्रेऐवजी पाय मोडण्याची खूण येते आणि शोध तिथेच थांबतो. मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते हे आपण सहावी-सातवीपासून शिकवतो. संगणकाला ते कोणी शिकवले नसेल, तर 'वेल्हे' आणि 'वेल्ह्यात' ही त्याच्या दृष्टीने दोन निराळी नावे आहेत. इंग्रजीत गावाचे नाव विभक्तीमुळे असे आतून बदलत नाही. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता.

'भोर' साधे वाटते, पण त्यातही एक फसवी जागा आहे. काना-मात्रा या एका संकेताऐवजी कोणी आधी काना (२३६६) आणि मग मात्रा (२३७५) असे दोन संकेत टंकले, तर काही फाँटमध्ये शब्द हुबेहूब 'भोर' दिसतो; पण तो चार संकेतांचा असतो आणि शोधात सापडत नाही. चांगली व्यवस्था अशा वेळी ठिपक्यांचे वर्तुळ दाखवून इशारा देते. याच्या उलट, 'भावविभोर' या शब्दात मात्र संगणकाला भोर सापडते!

'दऱ्या' या शब्दाची गंमत आणखी वेगळी आहे. त्यातला ऱ हा २३५३ या एका संकेताने लिहिता येतो किंवा साधा र (२३५२) आणि खालचा नुक्ता (२३६४) अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. हे दोन्ही प्रकार समान मानावेत असे युनिकोडचा नियमच सांगतो. पण आज्ञावली लिहिणाऱ्याने तो नियम पाळला नसेल, तर एका दरीतला माणूस दुसऱ्या दरीत सापडायचा नाही. हा केवळ विनोद नाही. 'कऱ्हाडकर' आडनावाच्या मुलीचे नाव एका यादीत एका प्रकारे आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या प्रकारे साठवले गेले, तर दोन्ही याद्या छापून शेजारी ठेवल्या तरी फरक दिसत नाही. संगणक मात्र 'हे नाव यादीत नाही' असे सांगून मोकळा होतो.

फाँटमध्ये अडकलेली मराठी

आपल्यापैकी अनेकांकडे १९९० च्या दशकातल्या प्रश्नपत्रिकांच्या फाइली असतील. आज त्या उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. तेव्हाच्या बऱ्याच मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. आत साठवले जाई ते रोमन अक्षर. मराठी दिसे ती केवळ फाँटच्या कृपेने. प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असल्यामुळे एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर वाचता येईलच असे नसे. सगळा मजकूर निवडून फाँट बदलला की मराठी नाहीशी होई.

यातला मूळ दोष नीट लक्षात घेऊ. फाँट हा रूपाचा भाग आहे. या पद्धतीत मजकुराचा अर्थच रूपात अडकला होता. त्यामुळे रूप हरवले की मजकूरही हरवत असे.

यावरचा उपाय शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट' या तंत्राचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण म्हणून जाहीर केली. तिच्यात संकेत ठरतो तो वर्णावरून, त्याच्या आकारावरून नव्हे. म्हणून देवनागरीतला क आणि कन्नडमधला क यांना एकच संकेत आहे. इस्कीमध्ये रूपासाठीही एक खास संकेत ठेवला होता. २३९ हा आकडा आला की त्यापुढचा आकडा अक्षर नसून 'ठळक', 'तिरपे', 'अधोरेखित' अशी सूचना आहे असे समजायचे. म्हणजे रूपाची खूण मजकुराच्याच रांगेत उभी केलेली होती. युनिकोडने देवनागरीच्या रांगेत अशा खुणांना जागा दिली नाही. ठळक भ आणि साधा भ, दोघांचा संकेत २३४९ च आहे. मग ठळकपणा राहतो कुठे?

वर्गातला एक खेळ

याचे उत्तर वर्गात खेळून पाहता येते. दहा मुलांना 'भोर वेल्हे'च्या संकेतांच्या दहा पाट्या द्या. चौथ्या मुलाची पाटी कोरी, कारण ती मोकळी जागा आहे. आपल्याला 'वेल्हे' हा शब्द ठळक करायचा आहे.

पहिली पद्धत: आणखी दोन मुले घ्या आणि त्यांना 'ठळक' लिहिलेल्या पाट्या द्या. एकाला 'वेल्हे'च्या आधी आणि दुसऱ्याला नंतर उभे करा. पहिली खूण आली की ठळकपणा सुरू, दुसरी आली की बंद. १९७८ मध्ये आलेल्या वर्डस्टारमध्ये अशीच व्यवस्था होती. पद्धत सोपी आहे, पण शेवटचा 'ठळक' मुलगा पाणी प्यायला गेला, तर त्यापुढचे सगळे लेखन ठळक होते. शिवाय शब्द शोधताना, अक्षरे मोजताना ही जास्तीची मुले वगळण्याचे भान दर वेळी ठेवावे लागते.

दुसरी पद्धत: रांगेत फक्त मजकुराची दहा मुले. शिक्षकाच्या हातात एक चिठ्ठी: '५ ते १०: ठळक'. मजकूर एकीकडे, रूप दुसरीकडे. आजचे वर्ड प्रोसेसर साधारणपणे याच विचाराने चालतात.

आता 'भोर'नंतर स्वल्पविराम घालू. एक नवे मूल चौथ्या जागी आले आणि पुढची सगळी मुले एकेक पाऊल सरकली. 'वेल्हे' आता ६ ते ११ मध्ये आहे. चिठ्ठी बदलायला आपण विसरलो तर काय होईल? मोकळी जागा ठळक होईल आणि 'ल्हे'ची मात्रा ठळकपणाच्या बाहेर पडेल. एक अक्षर अर्धे ठळक, अर्धे साधे! रांगेत काहीही घडले की चिठ्ठीतले आकडे तपासले पाहिजेत, हा या पद्धतीचा गाभा आहे आणि बहुतेक चुकाही इथेच होतात.

आता 'वेल्हे'च्या मागे क आणि र ही दोन मुले आणून 'वेल्हेकर' करू. ती ठळक व्हावीत की साधी? बहुतेक वर्ड प्रोसेसर नव्या अक्षराला त्याच्या आधीच्या अक्षराचे रूप देतात, म्हणून ती ठळक होतील. पण 'वेल्हे'च्या आधी काही टंकले, तर ते मागच्या मोकळ्या जागेचे साधे रूप घेईल. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन कडांना दोन निराळी उत्तरे मिळतात. आणि 'वेल्हे' पूर्ण पुसले तर चिठ्ठी फाडायची की ठेवायची? त्याच जागी पुढच्या क्षणी 'राजगड' टंकणार असू, तर ते ठळक हवे की नको? ही उत्तरे निसर्गाने दिलेली नाहीत. आज्ञावली लिहिणाऱ्याने ती आधी ठरवायची असतात. आपल्या शिक्षिकेच्या संगणकावर 'पहिल्या अक्षराचे रूप नव्या शब्दाला द्यावे' असे ठरलेले होते. म्हणून एका 'वे'पायी अख्खे 'राजगड' ठळक झाले.

प्रत्यक्षात यादी याहून मोठी असते. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 'ब्राव्हो' हा वर्ड प्रोसेसर तयार केला. मूळ मजकूर न हलवता नवा मजकूर वेगळ्या जागी ठेवायचा आणि 'इथला हा तुकडा, मग तिथला तो' अशी केवळ यादी बदलायची, ही युक्ती त्यात होती. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये आलेल्या 'वर्ड'मध्ये हीच युक्ती उतरली. 'वर्ड'च्या एका जुन्या आवृत्तीची मूळ आज्ञावली कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने मार्च २०१४ मध्ये अभ्यासासाठी खुली केली. उत्साही विद्यार्थी ती वाचू शकतात.

आजच्या फाइलीच्या पोटात डोकावणे त्याहून सोपे आहे. 'डॉक्स' प्रकारच्या एखाद्या फाइलीची प्रत काढा आणि तिच्या नावाची शेपटी बदलून 'झिप' करा. फाइल गाठोड्यासारखी उघडेल. त्यातल्या 'वर्ड' नावाच्या कप्प्यात 'डॉक्युमेंट' नावाची फाइल आहे. तिच्यात आपला मजकूर तुकड्यातुकड्यांनी मांडलेला दिसेल आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्या रूपाची चिठ्ठी लावलेली असेल. अक्षराचा आकार १२ ठेवला असेल तर तिथे २४ लिहिलेले आढळेल, कारण आकार अर्ध्या पॉइंटात मोजला जातो. आणखी एक गोष्ट दिसेल. देवनागरीसारख्या लिप्यांसाठी ठळकपणा आणि आकार यांच्या खुणा रोमनपेक्षा वेगळ्या ठेवलेल्या असतात. मिश्र मजकुरात कधी इंग्रजी मोठे होते आणि मराठी तेवढेच राहते, त्याचे कारण बऱ्याचदा इथे सापडते.

आज्ञावलीची प्रश्नपत्रिका

परीक्षा घेणे आपल्याला नवे नाही. संपूर्ण पुस्तक एका प्रश्नपत्रिकेत विचारता येत नाही, म्हणून आपण प्रश्न निवडतो. आज्ञावलीचेही तसेच असते. 'भोर वेल्हे' हा एवढासा मजकूर घेऊ. प्रत्येक संकेत ठळक असेल किंवा नसेल, तिरपा असेल किंवा नसेल, अधोरेखित असेल किंवा नसेल: दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ शक्यता. दहा संकेतांसाठी आठचा दहावा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ शक्यता झाल्या. सेकंदाला एक या वेगाने त्या न थांबता तपासल्या तर सुमारे ३४ वर्षे लागतील. शिक्षकाची सगळी नोकरी दोन शब्दांत संपेल!

पण आपल्याला लिपी येते. आपण म्हणू, मात्रा वेगळी ठळक करण्यात अर्थ नाही. रूप द्यायचे ते पूर्ण अक्षराला. 'भो', 'र', मोकळी जागा, 'वे', 'ल्हे' असे पाचच गट उरले. आठचा पाचवा घात ३२,७६८. त्याच वेगाने हे काम नऊ तासांत होते. निवडीचेही तसेच. दहा संकेतांच्या अकरा फटींपैकी कोणत्याही दोन निवडल्या तर ५५ प्रकारे भाग निवडता येतो. पाच गटांच्या सहा फटींतून १५ प्रकारे. उरलेले ४० प्रकार म्हणजे अर्धवट अक्षरे. तिथे आज्ञावलीने निवड पूर्ण अक्षरापर्यंत वाढवली पाहिजे आणि ती तसे करते का, हाच परीक्षेतला एक चांगला प्रश्न. लिपी जाणणारा परीक्षक कमी प्रश्नांत अधिक कठोर परीक्षा घेतो, तो असा.

दुसरी युक्ती अशी की प्रत्येक उत्तर आधी काढून ठेवण्याऐवजी कधीही मोडू नयेत असे नियम लिहायचे. गणितात आपण ताळा पाहतो, तसेच हे आहे. आमच्या मते पुढील चार नियम पुरेसे बोलके आहेत:

१. रूप बदलले तरी मजकुराचे संकेत तेच राहिले पाहिजेत.
२. सर्व तुकड्यांच्या लांबीची बेरीज मजकुराच्या लांबीएवढी असली पाहिजे.
३. केलेली कृती मागे फिरवली की सारे पूर्ववत झाले पाहिजे.
४. फाइल जतन करून पुन्हा उघडली तर मजकूर आणि रूप, दोन्ही तसेच मिळाले पाहिजे.

आता संगणकालाच सांगायचे की मनाला येईल तिथे अक्षर घाल, पूस, ठळक कर, आणि प्रत्येक कृतीनंतर हे चार ताळे पाहा. अशा हजारो फेऱ्या तो न कंटाळता करतो. चूक सापडली की ती घडवणारी सर्वांत लहान कृती शोधायची आणि ती कायमच्या प्रश्नसंचात ठेवायची, म्हणजे दुरुस्त झालेली चूक पुढच्या आवृत्तीत गुपचूप परतणार नाही. मात्र डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी दिलेला इशारा विसरू नये: चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे सिद्ध करता येत नाही.

पुन्हा वेल्ह्याकडे

आता शिक्षिकेचे काम पुरे करू. 'वेल्हे', 'वेल्ह्यात' आणि काही कागदांवर आढळणारे 'वेल्हा' या तिन्हींत समान आहेत ते पहिले पाच संकेत: 'वेल्ह'. म्हणून शोध 'वेल्ह'चा घ्यावा. पण बदलताना 'वेल्ह'च्या जागी सरसकट 'राजगड' घातले, तर उरलेले संकेत त्याला चिकटून 'राजगडे' आणि 'राजगड्यात' असे शब्द जन्माला येतील. म्हणून सामान्यरूपाची जोडी सामान्यरूपाशी लावायची. 'वेल्ह्या'च्या जागी 'राजगडा' घातले की 'वेल्ह्यात'चे 'राजगडात' आणि 'वेल्ह्याच्या'चे 'राजगडाच्या' होते. मग 'वेल्हे' आणि 'वेल्हा' यांच्या जागी 'राजगड'. हे सारे 'सगळे एकदम बदला' म्हणून नव्हे, तर एकेक जागा वाचून करावे, कारण गाव कोणते आणि तालुका कोणता हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. शेवटी ताळा: 'वेल्ह' पुन्हा शोधा. जेवढी स्थळे उरतील ती सर्व गावाबद्दलचीच असली पाहिजेत. एकही तालुक्याबद्दलचे निघाले तर काम अपुरे आहे.

आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या गावाचे आणि आडनावाचे संकेत मोजायला सांगा. सामान्यरूपात ते नाव कितव्या संकेतापाशी बदलते, त्यात ऱ किंवा जोडाक्षर आहे का, नाव शोधात सापडते का, हे त्यांनी पडताळावे. व्याकरणाच्या तासाला केलेला हा अभ्यास संगणकाच्या तासालाही उपयोगी पडेल. न सापडणारी नावे निघाली, तर शाळेच्या याद्याही त्याच पद्धतीने तपासून पाहाव्यात. एखाद्या मुलाचे नाव यादीत असूनही 'नाही' म्हणून आले असेल, तर ते तिथेच सापडेल.